मखमलीचा ठसा

कापडाच्या दुकानात मी दर जूनमध्ये एकदा जातो. अर्धा मीटर मखमल मागतो, सुती, गडद रंगाची. दुकानदार विचारतो, ब्लाउजला की देवाच्या आसनाला? पहिल्या वर्षी मी खरं ते सांगितलं: जिवाणू उचलायला. त्यानं कात्री खाली ठेवली. तेव्हापासून मी ‘आसनाला’ म्हणतो.

बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी हा प्रयोग कधी ना कधी केलेला असतो. पेट्री डिशच्या आत सैलसर बसेल असा लाकडी किंवा धातूचा गोल ठोकळा घ्यायचा, त्यावर निर्जंतुक मखमलीचा तुकडा लव वर ठेवून ताणायचा आणि कड्यानं आवळायचा. मग जिवाणूंच्या वसाहती असलेली प्लेट त्यावर पालथी घालायची, हलकेच दाबायची, सरळ उचलायची. मखमलीच्या लवेचा एकेक धागा म्हणजे एकेक सुई. प्रत्येक सुईच्या टोकाला त्या त्या जागचे जिवाणू चिकटतात. आता कोरी प्लेट पालथी घातली की मूळ प्लेटचा नकाशा तिच्यावर उतरतो. मग दुसरी कोरी प्लेट, मग तिसरी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर त्याच जागी तेच ठिपके. एकच काळजी घ्यायची: प्रत्येक प्लेटच्या काठावर पेनानं खूण करायची आणि ती ठोकळ्यावरच्या खुणेशी जुळवायची. ती विसरली की नकाशात उत्तर कुठे तेच कळत नाही. दरवर्षी निदान दोन गट विसरतातच.

ही पद्धत १९५२मध्ये ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त छापून आली. लेखक दोघं, नवराबायको: जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग, विस्कॉन्सिन विद्यापीठ, मॅडिसन. त्याआधी हेच काम दातकोरण्यानं किंवा तारेच्या लूपनं होई. दोनशे वसाहती चार प्रकारच्या माध्यमांवर तपासायच्या म्हणजे आठशे वेळा टोचणं. कागदाचा, तारांच्या ब्रशाचा ठसा घेऊन पाहणंही झालं होतं. हवं होतं ते असं काही, जे ओलं होईल पण ओघळणार नाही, उचलेल आणि तितक्याच मुकाट सोडूनही देईल. एस्थरनी आधी आपल्या पावडरीच्या डबीतला पफ वापरून पाहिला, असा किस्सा सांगतात. तो खरा असो नसो, शोधाची दिशा त्यातून नीट कळते: त्या उपकरणांच्या कॅटलॉगात शोधत नव्हत्या, हाताशी असलेल्या वस्तूंत शोधत होत्या.

आणि ठसा ही त्यांच्या घरातलीच गोष्ट होती. एस्थर मूळच्या झिमर. १९२२मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्म, वडिलांचा छापखाना. मंदीचे दिवस. पावावर टोमॅटो पिळून तेवढंच दुपारचं जेवण, असंही व्हायचं. कॉलेजात शिक्षकांनी विज्ञान घेऊ नको म्हणून सांगितलं, बायकांना त्यात नोकऱ्या नाहीत म्हणून. ते न ऐकता त्या १९४४मध्ये स्टॅनफर्डला शिकायला गेल्या. राहण्याच्या मोबदल्यात घरमालकिणीचे कपडे धुतले. प्रयोगशाळेत चिरलेल्या बेडकांचे उरलेले पाय खाल्ल्याचंही सांगतात. छापखानेवाल्याच्या मुलीला एका साच्यावरून पुष्कळ प्रती काढण्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. हा माझा अंदाज, पण मला तो सोडवत नाही.

आता मुख्य भानगड. मखमलीनं वेळ वाचला हे खरं, पण तिनं एक जुना वादही मिटवत आणला. जिवाणूंच्या गर्दीवर स्ट्रेप्टोमायसिन टाकलं की सगळे मरतात, कोट्यवधींत एखादा वाचतो आणि त्याची पिलावळ वाढते. प्रश्न असा, की त्या वाचलेल्यानं औषध अंगावर आल्यावर प्रतिकार ‘कमावला’, की औषध येण्याआधीच तो तसा जन्मला होता? लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३मध्ये जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूवर याचं उत्तर काढलं होतं: आधीच जन्मला होता. पण ती गणिती साक्ष होती, आकड्यांच्या चढउतारातून काढलेली. आकडे पटले तरी डोळ्यांना दिसत नाहीत.

लेडरबर्ग दांपत्यानं ती साक्ष डोळ्यांना दाखवली. औषध नसलेल्या प्लेटवर जिवाणूंचा घट्ट गालिचा वाढवला, मखमलीचा ठसा घेतला आणि तो औषधाच्या अनेक प्लेटांवर उमटवला. मोजक्या वसाहती उगवल्या, आणि वेगवेगळ्या प्लेटांवर बऱ्याचशा एकाच जागी. औषधानं शिकवलं असतं तर प्रत्येक प्लेटवर जागा वेगळी निघाली असती. मग मूळ प्लेटवर, जिला औषधाचा थेंबही लागला नव्हता, नेमक्या त्या जागेवरचे जिवाणू उचलले, वाढवले, पुन्हा ठसा. प्रत्येक फेरीत प्रतिकार करणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं, आणि शेवटी शुद्ध वाण हाती आलं. त्या वाणाच्या एकाही पूर्वजानं स्ट्रेप्टोमायसिन पाहिलं नव्हतं. विषाणूबाबतही तसंच करून दाखवलं. मला यातली गंमत अशी वाटते, की ज्याची निवड होते त्याला त्या निवडीची खबरच लागत नाही. परीक्षेला बसते ती त्याची प्रत.

एस्थर यांच्या नावावर एवढंच नाही. इ. कोलाय या जिवाणूच्या के-१२ वाणात मुकाट दडून बसलेला लॅम्डा विषाणू त्यांनीच शोधला. १९५१मध्ये त्याची पहिली नोंद छापली गेली. पुढे जनुकं चालू-बंद कशी होतात याचा बराचसा अभ्यास या लॅम्डावर झाला, आणि आज आमच्या फ्रीजरमध्ये लॅम्डाच्या डीएनएची कुपी मिठाच्या बरणीसारखी कायमची असते. जिवाणू एकमेकांना जनुकं देतात ती ज्याच्या जोरावर, त्या ‘एफ’ घटकाच्या शोधातही त्या होत्या.

१९५६मध्ये इलिनॉयच्या जिवाणूशास्त्रज्ञांच्या संस्थेनं दोघांना मिळून पाश्चर पुरस्कार दिला. १९५८चं नोबेल जोशुआंना मिळालं, बीडल आणि टेटम यांच्याबरोबर. पुढच्या वर्षी दोघं स्टॅनफर्डला गेली: ते नव्या विभागाचे प्रमुख म्हणून, त्या संशोधक म्हणून. कायमच्या प्राध्यापकपदाची खुर्ची त्यांना तिथं कधीच मिळाली नाही. १९६६मध्ये घटस्फोट झाला. १९७६पासून त्यांनी प्लाझ्मिडांची, म्हणजे जिवाणूंमधल्या सुट्या डीएनए-कड्यांची, नोंदणी करणारं केंद्र चालवलं: जगभरात सापडणाऱ्या प्लाझ्मिडांना नावं आणि क्रमांक द्यायचे, म्हणजे दोन प्रयोगशाळांनी दोन वेगळ्या प्लाझ्मिडांना एकच नाव ठेवू नये. हे काम करणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. ते झालं नाही तर मात्र सगळे ओरडतात. २००६मध्ये त्या गेल्या. पाठ्यपुस्तकात मखमलीची पद्धत ‘लेडरबर्ग’ एवढ्याच आडनावानं येते. वाचणारा अर्थातच एकच लेडरबर्ग धरतो, आणि विद्यार्थी असताना मीही तसाच धरला होता.

मोठ्या प्रयोगशाळांत आता यंत्राचे दात वसाहती टिपतात. आमच्याकडे मखमलच आहे. एका वर्षी स्वस्त म्हणून नायलॉनमिश्रित आणली. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधून निघाली तेव्हा लव चापून बसलेली, आणि प्लेटांवर ठिपक्यांऐवजी शेवाळासारखा फराटा. तेव्हापासून बोटानं लव उलटी घासून पाहतो, उभी राहते का ते. तुकडे वापरून झाले की आधी ऑटोक्लेव्ह, मग धुणं, तेही साबण अगदी निघेपर्यंत. साबणाचा अंश राहिला तर जिवाणू मरतील आणि खापर औषधावर फुटेल. मग प्रयोगशाळेच्या मागच्या तारेवर तपकिरी, हिरवे, जांभळे चौकोन चिमट्यांनी टांगलेले असतात. परवा नवीन आलेल्या शिपाईमामांनी विचारलं, सर, नाटक बसवताय का?