युद्धकाळातील आत्मक्लेश आणि लोकप्रतिक्रिया : पवनार ते चिमूर (१९४०-१९४३)

दुसऱ्या महायुद्धाला भारतात झालेला विरोध बहुधा 'छोडो भारत' आंदोलनाच्या प्रकरणात सामावून टाकला जातो. त्यामुळे एखाद्या व्यक्तीने स्वतःला पणाला लावून केलेल्या निषेधाकडे समाजाने कसे पाहिले, हा प्रश्न मागे पडतो. या दृष्टीने वर्धा-चांदा परिसरातील दोन घटना एकत्र अभ्यासण्याजोग्या आहेत.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. युद्धाला माणसे वा पैसा देऊन साहाय्य करणे अयोग्य आहे, हा त्यांचा आशय होता. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढे सुमारे २५ हजार सत्याग्रही तुरुंगात गेले. तथापि लोकांमध्ये आदर होता, खळबळ नव्हती. गांधीजींना गर्दी नकोच होती हे एक कारण. महाराष्ट्रातील मतभेद हे दुसरे. सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन करीत होते, डॉ. आंबेडकर महार पलटणीसाठी प्रयत्नशील होते. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांचा युद्धविरोधी संप घडविणारे कम्युनिस्टही १९४१ नंतर 'लोकयुद्धा'च्या बाजूस गेले. सर्वच युद्धे त्याज्य मानणाऱ्या भूमिकेला समाजात ठाम आधार नव्हता, हे मान्य करावे लागते.

दुसरी घटना वेगळ्या जातीची आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे गोळीबारानंतर संतप्त जमावाने सरकारी अधिकाऱ्यांची हत्या केली. त्यानंतर गावात आलेल्या लष्कराने व पोलिसांनी लुटालूट आणि स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. सेवाग्राम आश्रमातील जयकृष्ण भन्साळी (हे एकेकाळचे प्राध्यापक) चौकशीची मागणी घेऊन दिल्लीस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य बापूजी अणे यांच्याकडे गेले. अणे यवतमाळचे, टिळकांच्या परंपरेतले. त्यांच्याकडून अपेक्षा बाळगणे स्वाभाविक होते. ती निष्फळ ठरल्यावर भन्साळींना वर्ध्याकडे परत पाठविण्यात आले आणि ११ नोव्हेंबरपासून त्यांचे प्रदीर्घ उपोषण सुरू झाले. ते चिमूरकडे पायी निघत, पोलीस त्यांना परत आणीत.

भन्साळींचा विरोध युद्ध या कल्पनेला नव्हता, युद्धकालीन सत्तेच्या एका ठरावीक कृत्याला होता. म्हणूनच विनोबांच्या वेळी अलिप्त राहिलेले लोकही हलले. युद्धप्रयत्नांना अनुकूल असणाऱ्या हिंदुमहासभेच्या डॉ. मुंजे यांनीही चिमूरला जाऊन अत्याचारांविषयी निवेदन केले होते. सरकारने उपोषणाच्या बातम्यांवर बंदी घातली आणि येथेच त्याचा हिशेब चुकला. संपादक मंडळी एरवी सावध. कित्येकांनी युद्धकाळात सरकारशी जुळवून घेतले होते. आता प्रश्न त्यांच्याच व्यवसायाचा झाला. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या निर्णयानुसार नववर्षाच्या पदव्यांची यादी छापण्यात आली नाही आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशभर अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक बंद ठेवले.

१२ जानेवारीला, त्रेसष्ट दिवसांनी, डॉ. ना. भा. खरे यांच्या वाटाघाटींनंतर उपोषण सुटले. बातम्यांवरील बंदी उठली. स्वतंत्र चौकशीची मूळ मागणी मात्र मान्य झाली नाही. भन्साळींचे प्राण वाचल्याचा आनंद आणि वृत्तपत्रांचा विजय यांत चिमूरच्या स्त्रिया जवळजवळ दिसेनाशा झाल्या. टोकाच्या कृतीकडे लोकांचे लक्ष वेधले जाते ते आधी कृती करणाऱ्याच्या देहाकडे. ज्यासाठी तो देह झिजतो ते कारण त्या मानाने अंधारात राहते. इतरत्रही असेच घडलेले आढळते. ११ जून १९६३ रोजी सायगावात थिच क्वांग डक या भिक्षूने आत्मदहन केले ते बौद्धांवरील दडपशाहीविरुद्ध. पण त्याचे छायाचित्र जगाने पुढे व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाचे चित्र म्हणूनच लक्षात ठेवले. २ नोव्हेंबर १९६५ रोजी नॉर्मन मॉरिसन यांनी पेंटागॉनसमोर स्वतःला जाळून घेतले, तेव्हा अमेरिकेत चर्चा झाली ती त्यांनी तान्ह्या मुलीला सोबत नेल्याची. उत्तर व्हिएतनामने मात्र त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

अणे यांचे वर्तनही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. भन्साळींच्या उपोषणात ते पदावर राहिले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी होमी मोदी व नलिनी रंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. हा फरक केवळ भित्रेपणाचा मानणे अन्यायाचे होईल, परंतु उपोषण कोणाचे आहे यावर प्रतिसाद किती अवलंबून असतो, हे त्यातून उघड होते. चिमूर-आष्टीच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून अनसूयाबाई काळे यांनी चालविलेल्या मोहिमेला १९४५ मध्ये यश आले. स्त्रियांच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी ब्रिटिश राजवटीत झाली नाही.