वसिष्ठाच्या शेजारचं पातेलं

भाचीचं लग्न वैशाखात झालं. सप्तपदी आटोपल्यावर गुरुजी नवरानवरीला कार्यालयाच्या गच्चीवर घेऊन गेले आणि उत्तरेकडे हात करून म्हणाले, "तो वसिष्ठ आणि त्याला बिलगून अरुंधती. दिसली?" जावईबापूंनी लगेच मान डोलावली. भाचीनं मात्र माझी बाही ओढली. "मामा, खरं सांगते, मला काहीच दिसत नाहीये." मी तिला सप्तर्षींच्या शेपटीतला टोकाकडून दुसरा तारा दाखवला आणि नजर किंचित बाजूला ठेवायला सांगितलं. अंधुक चांदणी नजरेच्या कडेनं लवकर सापडते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हां, आहे. एवढीशी."

त्या उन्हाळ्यात मी अमेरिकी लोककथांविषयीच्या एका जुन्या नियतकालिकातले लेख वाचत होतो. त्यात स्टॅन्सबरी हागर यांचा 1900 सालचा 'द सिलेस्टियल बेअर' हा लेख होता. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे, नोव्हा स्कोशियाकडचे मिकमॉ लोक सप्तर्षींकडे बघून अस्वलाच्या शिकारीची गोष्ट सांगतात, ती हागर यांनी टिपून ठेवली आहे. आपला वसिष्ठ त्या गोष्टीत शिकारी आहे आणि अरुंधती आहे त्याचं पातेलं, शिकारीचं मटण शिजवायला बरोबर घेतलेलं. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तेव्हापासून मी या एका चांदणीच्या मागे लागलो आहे.

आधी गोष्ट. सप्तर्षींच्या चौकोनातले चार तारे म्हणजे अस्वल. मागे सात शिकारी आणि सगळे पक्षी. दंडकातले, म्हणजे शेपटीतले, तीन अगदी जवळचे: अंगिरसाच्या जागी रॉबिन, वसिष्ठाच्या जागी चिकडी नावाचं इवलंसं, चिमणीएवढं पाखरू आणि मरीचीच्या जागी करड्या रंगाचा जे पक्षी. चिकडी सगळ्यांत लहान, म्हणून पातेलं तिच्याजवळ. उरलेले चार भूतप मंडळात आहेत: कबूतर, निळा जे आणि दोन घुबडं. त्यांतलं एक घुबड म्हणजे आपली स्वाती. उत्तर मुकुट नावाचं ताऱ्यांचं अर्धवर्तुळ ही अस्वलाची गुहा. वसंतात अस्वल त्या गुहेतून बाहेर पडतं, चिकडीला दिसतं आणि पाठलाग सुरू होतो. उन्हाळाभर तो उत्तर क्षितिजावरून चालू राहतो. शरद लागला की मागचे चौघे माग हरवून बसतात. पानगळीच्या भरात अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, रॉबिनचा बाण लागतो आणि ते उताणं पडतं. अधाशी रॉबिन त्या चरबीनं फुगलेल्या अंगावर झेप घेतो, रक्तानं माखतो, मेपलच्या झाडावर बसून पिसं झटकतो. म्हणून मेपलची पानं लाल, म्हणून रॉबिनची छाती लाल. चिकडी मटण कापते, पातेलं चढवते. करडा जे मुद्दाम मागे रेंगाळलेला असतो. तो नेमका मटण शिजत आल्यावर येतो आणि तरीही त्याला वाटा मिळतो.

यात कल्पनेचा भाग आहे त्याहून निरीक्षणाचा जास्त आहे. नोव्हा स्कोशिया साधारण 45 अंश उत्तरेला. तिथे सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, पण स्वाती आणि तिच्या आसपासचे तारे शरदात संध्याकाळी क्षितिजाखाली जातात. माग हरवणारे चौघे म्हणजे मावळणारे चार तारे. पुण्यातून बघितलं तर ही कथा रचताच येत नाही. इथे सातही ऋषी मावळतात आणि कार्तिकातल्या संध्याकाळी उत्तरेला त्यांचा पत्ताच नसतो.

जमिनीवरची शिकारही या गोष्टीत तंतोतंत उतरली आहे. अमेरिकेतलं काळं अस्वल पानगळीच्या दिवसांत बीच आणि ओकची फळं खाण्यापलीकडे काही करत नाही. दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत मजल जाते. बीचची साल गुळगुळीत आणि राखाडी असते. चढताना रुतलेल्या नख्यांचे व्रण तिच्यावर वर्षानुवर्षं काळे पडून राहतात. वर शेंड्याला बसून अस्वल फांद्या आत ओढतं, मोडतं, फळं खातं आणि मोडक्या फांद्या बुडाखाली सारतं. पानं झडली की त्या फांद्यांचं मोठ्या घरट्यासारखं बोचकं लांबून दिसतं. माग काढणाऱ्याला एवढं पुरे. मग थंडी वाढते आणि अस्वल पोकळ खोडात किंवा मुळांखालच्या ढोलीत शिरतं.

तिथून पुढची युक्ती फ्रेंच वसाहतकार निकोला दनी यानं 1672 च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मिकमॉ शिकारी मोठ्या झाडांपाशी थांबून वर बघत. ढोलीच्या तोंडातून वाफ निघताना दिसली की आत अस्वल आहे. मग झाडावर चढून भाल्यानं ते मारत. गोठलेलं रान, एकही पान हलत नाही, आणि एका जुन्या खोडाच्या भोकातून श्वासाची बारीक रेघ वर जाते आहे. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

गोष्टीचा शेवट त्याहून चकित करणारा आहे. अस्वल मेलं तरी त्याचा जीव गुहेत निजलेल्या दुसऱ्या, न दिसणाऱ्या अस्वलात शिरतो आणि वसंतात ते बाहेर येतं. प्राणिशास्त्र काय सांगतं? मादी उन्हाळ्यात माजावर येते, पण फलित बीज गर्भाशयात रुजतं ते नोव्हेंबरच्या सुमारास आणि तेही अंगावर पुरेशी चरबी चढली असेल तरच. पिल्लं जन्मतात जानेवारीत, ढोलीच्या आत, आई अर्धवट झोपेत असताना. हिवाळ्यात गुहेत नवा जीव येतो हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

आता आक्षेप. युरोपातही सप्तर्षींना मोठं अस्वलच म्हणतात. मग मिकमॉंनी ते गोऱ्यांकडून उचललं नसेल कशावरून? याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. 1643 साली रॉजर विल्यम्स यांनी अमेरिकेतल्या नॅरगॅन्सेट लोकांच्या भाषेविषयी पुस्तक छापलं. त्यात या ताऱ्यांचं स्थानिक नाव अस्वल असंच दिलं आहे आणि तिकडे इंग्रजांची वस्ती होऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. 1691 साली गॅस्पेचा मिशनरी क्रेतियाँ ल क्लेर्क यानंही मिकमॉंकडे तेच नाव नोंदवलं. दुसरं उत्तर शेपटीचं आहे. ग्रीक अस्वलाला लांबलचक शेपूट आहे, कारण दंडकातले तीन तारे कुठेतरी बसवायला हवेत. खऱ्या अस्वलाला शेपूट नावापुरती असते. ज्यांनी अस्वल सोलून खाल्लं होतं त्यांनी ते तीन तारे शिकारी केले. उसनी गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा अशी बिनचूक होत नाही.

इथून वाट आपल्या घराकडे वळते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या चोविसाव्या सूक्तात रात्री उंचावर दिसणाऱ्या आणि दिवसा कुठे जातात कोण जाणे अशा 'ऋक्षां'चा उल्लेख आहे. शतपथ ब्राह्मण तर स्पष्टच सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत आणि कृत्तिका या त्या ऋक्षांच्या बायका. ऋक्ष म्हणजे अस्वल. ग्रीक 'आर्क्टोस' आणि लॅटिन 'उर्सुस' ही त्याच शब्दाची भावंडं. 'आर्क्टिक' म्हणजे अस्वलाखालचा प्रदेश. लोकमान्यांनी 1903 साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहिलं, तेव्हा याच ऋचेतला 'उंचावर' हा शब्द धरून ते तारे डोक्यावर दिसतील असा प्रदेश शोधला. त्यांचा ध्रुवप्रदेशाचा निष्कर्ष मला पटत नाही. पण त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ऋक्ष दडलेला आहे, हे लक्षात आलं त्या दिवशी मी दुसरं काम करू शकलो नाही.

मॅक्समुल्लरना हे अस्वल मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की 'ऋक्ष' म्हणजे मुळात चमकणारा, 'अर्च्' या धातूच्या कुळातला. ते चमकणारे तारे. पुढे अर्थ विसरला, शब्द अस्वलासारखा ऐकू येतो म्हणून ग्रीकांनी आकाशात अस्वल बसवलं आणि आपल्याकडे ऋषी आले. सगळी करामत शब्दाच्या गैरसमजाची. मांडणी देखणी आहे आणि 'ऋक्ष' पुढे नुसता तारा या अर्थानंही वापरला गेला, हे तिच्या बाजूनं आहे. पण मॅक्समुल्लरना नॅरगॅन्सेट आणि मिकमॉंची अडचण सोडवता येत नाही. त्यांच्या भाषांचा संस्कृतशी काडीचा संबंध नाही. अस्वलासाठी मिकमॉ शब्द 'मुइन', त्याचा चमकण्याशी कुठला गोंधळ होणार? शब्दाच्या चुकीतून जन्मलेलं अस्वल तो शब्दच नसलेल्या लोकांकडे कसं पोचलं?

आणखी एक गोष्ट. मॅक्डोनेल आणि कीथ यांच्या 1912 च्या वैदिक कोशात नोंद आहे की प्राणी या अर्थानं ऋक्ष ऋग्वेदात फक्त एकदाच येतो. वैदिक लोकांच्या मुलखात तो प्राणी विरळच असावा, असं ते म्हणतात. मग ज्या प्राण्याचं नाव तोंडी फारसं येतच नाही, त्याचं नाव आकाशातल्या सर्वांत ठळक ताऱ्यांना का द्यावं? मी म्हणतो, ते इथे दिलेलंच नाही. ते थंड रानांतून माणसांबरोबर चालत आलं. आपल्याकडे अस्वल एक नसून सात आहेत, हा माझ्या मांडणीतला कच्चा दुवा आहे. शिकारीची गोष्ट गळून नुसतं नाव उरलं आणि मग ते प्रत्येक ताऱ्याला चिकटलं, असं मी समजतो.

नावावरून आपला 'अस्वल' आठवला. मराठीत 'रीस' हाही जुना शब्द आहे, हिंदी 'रीछ'चा भाऊ, सरळ ऋक्षापासून आलेला. अस्वल मात्र प्राकृत 'अच्छभल्ल'वरून आलं असं मानतात. 'अच्छ' म्हणजे ऋक्षच, जसं 'अक्षि'चं 'अच्छि' झालं. मग पुढे 'भल्ल' कशाला? एक मत असं की हा तपकिरी रंगाचा शब्द, 'बभ्रु'च्या आणि इंग्रजी 'बेअर'च्या कुळातला. दुसरं मत, तो 'भद्र'पासून आलेला 'भल्ल', म्हणजे आपला 'भला'. माझा कौल भल्याला. धोक्याच्या जिवाचं नाव सरळ घ्यायचं नाही ही रीत जुनी. रशियन लोकांनी अस्वलाचं मूळ नाव टाकूनच दिलं आणि 'मेद्वेद' म्हणजे मध खाणारा हे नाव घेतलं. ऋग्वेदात झाडावरच्या पक्ष्यांना आलेलं 'मध्वद्' हे विशेषण त्याच घडणीचं आहे. आपणही रात्री सापाला जनावर म्हणतो, गोवराहून भयंकर रोगाला आपण देवी म्हटलं. जंगलात ज्याच्या नखांशी गाठ आहे त्याला कुणीतरी भला म्हटलं असेल आणि ते 'अस्वल'मध्ये आजवर टिकलं असेल, यात मला काही अशक्य दिसत नाही.

पुन्हा पातेल्याकडे. रशियन अभ्यासक युरी बेरेझ्किन यांनी 2005 साली आकाशातल्या शिकारीच्या कथा एकत्र मांडल्या. पश्चिम सैबेरियात दंडकातले तीन तारे शिकारी, चौकोन म्हणजे जनावर आणि अरुंधतीची चांदणी म्हणजे कुत्रा किंवा पातेलं. अगदी मिकमॉंसारखं. शेजारशेजारच्या दोन चांदण्या बघून दोन खंडांतल्या माणसांना आपापलं पातेलं सुचावं, हा योगायोग मी मानायला तयार नाही. बेरिंगची सामुद्रधुनी जेव्हा कोरडी जमीन होती तेव्हाच ही गोष्ट, पातेल्यासकट किंवा पातेल्याच्या आधीच्या कातडी पिशवीसकट, तिकडे गेली असणार.

बेरेझ्किन आणखी एक प्रकार सांगतात, दक्षिण सैबेरिया आणि मंगोलियाकडचा. त्यात शिकार मृग नक्षत्रात होते आणि बाण जनावराच्या आरपार गेलेला असतो. हे तर आपल्या घरचंच. ऐतरेय ब्राह्मणात मृग झालेल्या प्रजापतीला व्याध बाण मारतो आणि मृगाच्या पोटातले तीन तारे हा तो तीन पेरांचा बाण. लोकमान्यांनी 1893 च्या 'ओरायन'मध्ये याच मृगावर सगळी गणितं मांडली. माझा तर्क असा: आपल्याकडे शिकारीच्या दोन्ही गोष्टी आल्या होत्या. इथल्या आकाशात मृग डोक्यावरून जातो, अस्वल क्षितिजाशी बुडतं. म्हणून शिकार मृगाकडे गेली आणि अस्वलाकडे नुसतं नाव राहिलं. मग ऋक्षांचे ऋषी व्हायला उच्चाराचं एवढंसं अंतर होतं.

आणि पातेल्याची अरुंधती? ऋक्षांच्या बायका म्हणजे कृत्तिका, त्या दूर पूर्वेला उगवतात. महाभारतात सहा ऋषींनी आपल्या बायका टाकल्या आणि त्या कृत्तिका झाल्या. राहिली फक्त अरुंधती, नवऱ्याच्या शेजारी. मिकमॉ शिकाऱ्याचं पातेलं, सैबेरियातल्याचा कुत्रा, वसिष्ठाची बायको. वाटचालीत जे कधी मागे सोडायचं नाही, ते प्रत्येकानं त्या चांदणीत ठेवलं. ही जोड ग्रंथांत कुठे दिलेली नाही, ती माझी आहे आणि मी ती सोडणार नाही.

आपल्या मेळघाटातलं, ताडोबातलं अस्वल हिवाळ्यात झोपत नाही. मोहाची फुलं, वाळवी आणि मध यांवर त्याचं बारमाही चालतं. तेव्हा पानगळीतलं अस्वल बघायचं तर आपल्याला आकाशातच बघावं लागेल. मार्गशीर्षात पहाटे पाचला उठा, गावाच्या दिव्यांपासून थोडं लांब जा आणि उत्तरेकडे तोंड करा. चौकोन सापडला की दंडकावरून खाली या. टोकाकडून दुसऱ्या ताऱ्याच्या अगदी कडेला, नजर किंचित बाजूला ठेवून बघा.