पाटकऱ्याला जाब

खानदेशातील सिंचनाचा इतिहास बहुधा धरणांच्या क्षमतेने मोजला जातो. मला तो पाटकऱ्यापासून वाचावासा वाटतो. पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचे, हे पाहणारा हा माणूस कुणाला जबाबदार होता, या प्रश्नात गावकारभाराची खरी परीक्षा आहे.

धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षे जुनी मानतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून शेतात जाणारे सारंग आणि जादा पाणी बाहेर काढणारा सांडम, अशी तिची रचना. भिजणारी जमीन साधारण तीन-चार फडांत वाटलेली असे. एका फडात एकच पीक. पुढच्या वर्षी पिकांचा फेर बदले.

या साध्या नियमात मोठे शहाणपण होते. सगळ्या फडात ऊस असेल तर सगळ्यांची पाळी सारखीच. शेजाऱ्याचे पीक वेगळे म्हणून त्याला जास्त पाणी, ही सबब उरत नसे. पाणी कमी असले, की पंच बसून यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा ते ठरवत. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असल्याने तुटीचा भार वाटला जाई. पाटकरी, जागल्या, हवालदार यांचा मोबदला शेतकरीच, बहुधा धान्यात, देत. ज्याचे शेत कोरडे राहिले, त्याला जाब विचारायला तालुक्याला जावे लागत नसे. माणूस पाटावरच भेटे.

ही व्यवस्था आदर्श होती, असे मात्र मी म्हणणार नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. भूमिहीनाला आणि फडाबाहेरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यात आवाज नव्हता.

पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या. पाण्याची किल्ली गावाबाहेर गेली आणि जाबही तिच्यामागे गेला. २००५ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा करून पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. लोकांचा सहभाग कागदावर परत आला. पण सभासदांची यादी म्हणजे सहभाग नव्हे. पाटाच्या शेपटाकडचा शेतकरी वरच्याला प्रश्न विचारू शकतो का, आणि उत्तर देणाऱ्याचे पोट त्या उत्तरावर अवलंबून आहे का? फडाने या दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हटले होते. म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला, असे माझे मत आहे.