निरंतर प्रार्थना आणि उपकारस्तुति

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत कांहीं ऐतिहासिक मजकूर असावा अशी चालकांची इच्छा पडल्यावरून आम्हीं ही लेखणी हातीं घेतली आहे. देवळाची पायाभरणी, मनोऱ्याचें काम, धर्मगुरूंची नामावळी व त्यांच्या बदल्यांच्या मित्या हा वृत्तांत वाचकांस अन्य लेखांतून मिळेलच. आम्ही ज्याचा इतिहास सांगूं इच्छितों तें बांधकाम दगडाचुन्याचें नाहीं. दिवेलागणीस आपल्या घरांतून जी जपमाळ म्हटली जाते, घंटा होतांच हातांतलें काम क्षणभर थांबवून जी क्रूसाची खूण केली जाते, जेवणापूर्वीं देवाचे उपकार मानण्यासाठीं जे दोन शब्द उच्चारले जातात, तें सर्व आपणांकडे कोठून आलें? आणि त्यांतील कोणता भाग आपण जपला व कोणता हातचा जाऊं देत आहों? ज्युबिलीच्या वर्षीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा असें आम्हांस वाटतें.

इ. स. 51 च्या सुमारास संत पौलानें करिंथ नगरांतून थेस्सलनीका येथील नूतन मंडळीस एक पत्र लिहिलें. नव्या करारांतील सर्वांत जुनें लिखाण तें हेंच, असें बहुतेक पंडित मानितात. त्याच्या अखेरीस त्यानें आनंदाची, अखंड प्रार्थनेची व सर्व स्थितींत देवाचे उपकार मानण्याची आज्ञा एका दमांत दिली आहे. हे शब्द कोणास लिहिले होते हें ध्यानांत घेतलें पाहिजे. त्या नगरांत दंगल होऊन पौलास रातोरात निघून जावें लागलें होतें; मागें राहिलेल्यांवर छळाचा प्रसंग होता; मंडळींतील कांहीं जण मरण पावल्यामुळें उरलेले शोकांत होते. शिवाय आपल्या हातांनीं काम करून खावें असें त्याच पत्रांत त्यानें बजाविलें आहे, आणि तो स्वतः करिंथांत तंबू करण्याचा धंदा करीत होता. म्हणजे ही आज्ञा निरुद्योगी किंवा सुखवस्तु मंडळीस दिलेली नसून हाताला घट्टे पडलेल्या व संकटांत सांपडलेल्या माणसांस दिलेली होती.

मग प्रश्न असा उपस्थित झाला कीं, काम करणाऱ्या माणसानें अखंड प्रार्थना करावी कशी? चौथ्या शतकांत सिरिया देशाकडे एक पंथ निघाला. त्याच्या अनुयायांस 'प्रार्थना करणारे' असेंच नांव पडलें होतें. प्रार्थनेंत खंड पडेल म्हणून ते काम करीत नसत. इ. स. 431 च्या एफेसस येथील धर्मसभेनें या पंथाचा धिक्कार केला. परंतु धर्मसभेच्या ठरावापेक्षां आम्हांस अधिक समर्पक वाटतें तें मिसर देशांतील लूसियस नांवाच्या एका वृद्ध तपस्व्याचें उत्तर. त्या पंथाचे कांहीं लोक आलेक्झांड्रियाजवळ त्याच्या मठीस आले व आपण हातानें काम करीत नाहीं, नुसती प्रार्थना करितों, असें अभिमानानें सांगूं लागले. म्हाताऱ्यानें विचारलें, तुम्ही जेवतां तेव्हां व झोंपतां तेव्हां तुमची प्रार्थना कोण करितो? त्यांस उत्तर सुचेना. मग त्यानें आपली रीति सांगितली. तो पाला भिजवून बसे व दोऱ्या वळतां वळतां दयेची याचना करणारें स्तोत्र म्हणत राही. दिवसाच्या कष्टाचीं जीं नाणीं येत त्यांतून दोन तो दाराशीं ठेवी. तीं ज्याच्या हातीं पडत तो गरीब मनुष्य त्याच्यासाठीं प्रार्थना करी. आणि म्हातारा जेवत किंवा निजत असतां त्या दानाच्या योगें त्याची प्रार्थना चालूच राही.

या लहानशा गोष्टींत अखंड प्रार्थनेचा सगळा मार्ग आला आहे, असें आमचें मत आहे. वेळ मोकळा काढून लांबच लांब शब्द उच्चारणें हा तो मार्ग नव्हे. काम हातांत, लहान प्रार्थना ओंठांवर, आणि कमाईचा वांटा दाराशीं. संत ऑगस्टीन यानेंहि हेंच पाहिलें होतें. इ. स. 410 मध्यें रोम नगर लुटलें गेल्यावर प्रोबा नांवाची एक श्रीमंत रोमन विधवा आफ्रिकेंत आश्रयास आली होती. तिनें प्रार्थना कशी करावी असें विचारल्यावरून त्यानें तिला एक दीर्घ पत्र लिहिलें. मिसर देशांतील बंधू वारंवार पण फार थोडक्या शब्दांत, बाण सोडावा तशी प्रार्थना करितात, हें त्यानें तींत मुद्दाम कळविलें आहे. सर्वस्व मागें टाकून आलेल्या बाईस तें किती उपयोगीं पडलें असेल!

पुढील कित्येक शतकांचा इतिहास येथें एका श्वासांत सांगून टाकितों. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यानें मठवासी बंधूंसाठीं दिवसा सात वेळां व रात्रीं एक वेळां सामुदायिक प्रार्थना ठरवून दिली आणि तिच्या मधल्या वेळांत श्रम नेमून दिले. मठांत स्तोत्रसंहितेंतील दीडशें स्तोत्रें म्हटलीं जात. ज्यांस वाचतां येत नसे ते त्यांच्या ऐवजीं 'आमच्या बापा' ही प्रार्थना दीडशें वेळां मोजून म्हणत. मोजण्यासाठीं मणी आले, 'नमो मरिये' आली, आणि हळूहळू आपली जपमाळ घडत गेली. निरक्षर माणसाचा तो स्तोत्रग्रंथच होय. घंटेची गोष्टहि अशीच आहे. सायंकाळच्या घंटेस पवित्र मरियेस वंदन करण्याच्या चालीस पोप बाविसावे जॉन यांनीं 1318 मध्यें मान्यता दिली. आणि 1456 मध्यें, तुर्कांची फौज बेलग्रेडवर चालून येत असतां, पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनीं दुपारींहि घंटा वाजवून प्रार्थना करण्याचें फर्मान काढिलें. दुपारची घंटा ऐकून आपण आज जेवणाची वेळ झाली असें समजतों. ती मुळांत संकटाची घंटा होती.

1534 मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें तह करून वसई पोर्तुगीजांस दिली, आणि त्यांच्या धर्मगुरूंबरोबर ही घंटा व ही माळ आपल्या किनाऱ्यावर आली. तिनें येथें किती खोल मूळ धरिलें होतें याची साक्ष साठ-बासष्ट वर्षांतच मिळाली, आणि तीहि हजारों कोसांवरून. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं जपान देशांतील नागासाकी येथें सव्वीस ख्रिस्ती भक्तांस क्रूसावर चढविण्यांत आलें. त्यांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया होता. तो धर्मगुरू नव्हता. जपानांत प्रथम धर्मगुरूंचा मदतनीस, पुढें व्यापारी, नंतर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु, आणि भाषा उत्तम येत असल्यामुळें फ्रान्सिस्कनांचा दुभाषी, असा त्याचा जीवनक्रम होता. त्या दिवसाचें जें समकालीन वर्णन आजहि या हुतात्म्यांच्या सणास प्रार्थनाविधींत वाचलें जातें, त्यांत प्रत्येकानें क्रूसावरून काय केलें हें सांगितलें आहे. एक बंधु स्तोत्रें गात देवाच्या चांगुलपणाचे उपकार मानीत होता. दुसरा मोठ्यानें देवास धन्यवाद देत होता. आणि गोन्सालो खणखणीत आवाजांत 'आमच्या बापा' व 'नमो मरिये' म्हणत होता.

वाचकहो, येथें आम्ही क्षणभर थांबतों. मरणाच्या वेळीं त्याच्या मुखांत एखादें विद्वत्तापूर्ण भाषण आलें नाहीं. जें त्यानें लहानपणीं वसईंत शिकलें असेल, जें आपलीं मुलें पहिल्या कम्युनियनपूर्वीं पाठ करितात, जें आपण निजतांना अर्धवट जांभई देत म्हणतों, तेंच आलें. आणि त्याचे सोबती तर उपकार मानीत होते! मागणें मागावें अशी घटका याहून दुसरी कोणती असणार? 1862 मध्यें त्यास संतपद मिळालें हें आपण सर्व जाणतों व त्याचा उत्सवहि थाटानें करितों. परंतु तो क्रूसावर काय म्हणाला हें आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक आहे, याची आम्हांस शंका आहे.

यानंतर 1739 सालीं चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसई घेतली. तहाच्या अटींनीं ख्रिस्ती लोकांस कांहीं देवळें ठेवण्याची मोकळीक मिळाली; परंतु युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि कळपाचा सांभाळ मूठभर देशी धर्मगुरूंवर आला. देवळांच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून घाटावर गेल्या व तेथील मंदिरांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरास अशी एक घंटा आहे. नाशिकास गोदातीरीं 1747 मध्यें बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिरावर दुसरी आहे, तिजवर 1721 हें साल कोरलेलें आहे. तिचा नाद इतका मोठा कीं, खड्या आवाजाच्या माणसास मराठींत 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याचा प्रघात पडला. या घंटांबद्दल अद्यापि हळहळणारे कांहीं गृहस्थ आमच्यांत आहेत. आम्ही त्यांतले नव्हेत. लढाईंत जें जातें तें जातें. आणि देवाच्या नांवानें ओतलेली धातु आजहि माणसांस हात जोडावयास लावते, हेंहि थोडें नाहीं.

आम्हांस नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. घंटा गेल्या, धर्मगुरू विरळ झाले, अनेक देवळांचीं छपरें पडलीं व किल्ल्यांतील मोठमोठ्या मठांत झाडें उगवलीं, तरी ख्रिस्ती वस्ती टिकली. इतकी टिकली कीं, 22 मे 1998 रोजीं वसईस स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. मधल्या काळांत हें व्रत घरांनीं चालविलें. घरांतली म्हातारी बाई हीच गुरु, उंबरठा हेंच देऊळ, वाटेवरचा क्रूस हीच वेदी. क्रूसापाशीं जमून म्हणावयाच्या प्रार्थनेस आपण 'लादाईन' म्हणतों तो शब्दहि पोर्तुगीज; ज्यांनीं तो आणिला ते गेले, शब्द राहिला व प्रार्थनाहि राहिली. मिस्सा लॅटिन भाषेंत चाले त्या दिवसांत आपले वाडवडील देवळांत बसून मणी ओढीत असत. कित्येक सुशिक्षितांनीं त्यांस त्याबद्दल हंसलेंहि आहे. परंतु तीच माळ घेऊन ते मळ्यांत जात. आमच्या लहानपणीं एका वृद्ध शेतकरी आजोबांनीं आम्हांस सांगितलें होतें कीं, पूर्वीं दुपारची घंटा झाली म्हणजे रहाटाचा बैल न सांगतां उभा राही. धनी टोपी काढून तीन 'नमो मरिये' म्हणेपर्यंत तो हलत नसे. बैलास प्रार्थना कळत नव्हती, पण धन्याची सवय त्याच्या अंगीं बाणली होती. आम्हीं त्या वेळीं ही गोष्ट थट्टेवारी नेली. आज तसें करवत नाहीं.

प्रार्थनेचा अर्धा भाग आपण बऱ्या प्रकारें जपला. दुसऱ्या अर्ध्याविषयीं, म्हणजे उपकारस्तुतीविषयीं, तितकें छातीठोकपणें सांगवत नाहीं. ख्रिस्तसभेच्या सर्वांत श्रेष्ठ उपासनेस ग्रीक भाषेंत 'युखारिस्त' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच उपकार मानणें असा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर (1962 ते 1965) मिस्सा मराठींत होऊं लागली, तेव्हांपासून प्रभूचे उपकार मानण्याचें आमंत्रण प्रत्येक मिस्सेंत आपल्या मातृभाषेंत आपणांस ऐकूं येतें व आपण त्यास एकमुखानें उत्तर देतों. ऑक्टोबरच्या आरंभीं कित्येक गांवीं 'आगेरा' साजरा होतो. पिकल्या भाताच्या लोंब्या देवळांत आणून आशीर्वादिल्या जातात, आणि पीक पदरांत पडण्यापूर्वींच दात्याचें नांव घेतलें जातें. भातखाचरांवर इमारती उभ्या राहिलेल्या गांवांतून लोंब्या आतां दुसरीकडून आणाव्या लागतात. तरी त्या आणतात, हें आम्हांस भूषणावह वाटतें. भात दुसऱ्याच्या शेतांतलें असलें म्हणून खाणाऱ्यावरचे उपकार कांहीं कमी होत नाहींत.

मुंबईस माहीम येथील संत मिखाएलाच्या देवळांत 1948 पासून दर बुधवारीं नित्यसहाय मातेची नोवेना चालते. तेथें येणारे भाविक मागण्यांचीं पत्रें ठेवितात, आणि मागणें पुरें झालें म्हणजे आभाराचींहि ठेवितात. या पत्रांत सर्व धर्मांच्या लोकांचीं पत्रें असतात. आपल्या देवळांतहि भक्तांच्या विनंत्या वाचल्या जातात: आजाऱ्यांसाठीं, परीक्षेसाठीं, परदेशच्या नोकरीसाठीं, कज्जा मिटावा म्हणून. त्या वाचल्या जाव्यातच. गरज लागतां बापाकडे धांव घेणें हें लेकरांचें लक्षणच आहे. परंतु प्रभूनें ज्या दहा कोडी माणसांस बरें केलें त्यांपैकीं परत आला तो एकटा, आणि तोहि शोमरोनी, हें शुभवर्तमानांत लिहून ठेवलेलें आहे. आभाराच्या चिठ्ठ्या विनंत्यांच्या मानानें किती येतात, याचा हिशेब आमच्या धर्मगुरूंस आम्हीं विचारला. ते नुसते हंसले.

ज्युबिलीच्या मिस्सेनंतर चालकांनीं एक नवा उपक्रम योजिला आहे असें समजतें. देवळाच्या दाराशीं एक कोरी वही ठेवण्यांत येणार आहे. तींत कोणींहि मागणें लिहावयाचें नाहीं. ज्यास जें मिळालें असेल तेवढेंच नोंदवावयाचें आहे. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं संडेस्कूलचीं मुलें लेखनिक म्हणून बसतील. पहिलें पान आमच्या त्या आजोबांसाठीं व त्यांच्या बैलासाठीं राखून ठेवावें अशी विनंती आम्हीं करून ठेविली आहे.