ऑगस्टेनबोर्ग वसाहतीतील पर्जन्यजल निचरा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : स्वीडनमधील माल्मो शहरात १९४८ ते १९५२ या काळात ऑगस्टेनबोर्ग ही वसाहत उभी राहिली. तेथे सांडपाणी व पावसाचे पाणी एकाच भूमिगत वाहिनीतून वाहत असे. परिणामी अतिवृष्टीत वाहिनी तुंबून मैलामिश्रित पाणी तळघरांत शिरत असे.

विवेचन : १९९८ पासून नगरपालिका व तिच्या मालकीची गृहनिर्माण कंपनी यांनी रहिवाशांशी विचारविनिमय करून निराळा मार्ग स्वीकारला. इमारतींमधील अंगणांतून सुमारे ६ किलोमीटर लांबीचे उघडे पाट काढण्यात आले, १० तळी खोदण्यात आली आणि अनेक छपरांवर हिरवळ लावण्यात आली. पाणी दूर लोटण्याऐवजी ते थोपविणे, मुरविणे व सावकाश सोडणे हे या योजनेचे सूत्र होते. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी माल्मोमध्ये काही तासांत सुमारे १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा शेजारील संयुक्त वाहिन्यांच्या भागांपेक्षा येथील हानी बरीच कमी झाली.

निष्कर्ष : वस्ती न मोडताही निचऱ्याची व्यवस्था बदलता येते, हे यातून सिद्ध होते. तथापि, मूळ नियोजनकारांनी इमारतींमध्ये मोकळी जागा राखली होती, म्हणूनच हे शक्य झाले. जी शहरे आपली अंगणे बांधकामाखाली गमावतात, ती हा पर्यायही गमावतात.