पायगाडीपासून वीजगाडीपर्यंत

मलिक अंबराने १६१० साली खाम नदीच्या काठी खडकी हे गाव नव्याने वसविले, तेव्हा रस्ता म्हणजे मुख्यतः माणसाने चालण्याची जागा होती. हत्ती, घोडे, पालख्या आणि बैलगाड्या त्याच वाटेने जात. परंतु बैलाची चाल माणसाच्या चालीहून फारशी वेगळी नव्हती, आणि घोडेस्वार दौडत आलाच तर टापांचा आवाज त्याच्या अगोदर येऊन पोचत असे. पुढे या गावाचे औरंगाबाद झाले, १६८२ साली औरंगजेबाने त्यास तट घातला, आणि २०२३ साली ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. नावे पालटली, राज्ये पालटली, तटही बहुतेक पडून गेला. दरवाजांच्या कमानी मात्र उभ्या आहेत, आणि जेवढ्या रुंद होत्या तेवढ्याच आहेत.

जुन्या वेशींची एक रीत येथे आठवावयास हवी. मोठ्या दरवाजाच्या फळीतच एक लहानशी दिंडी ठेवीत. गाड्याघोड्यांसाठी दरवाजा उघडावयाचा आणि एकट्यादुकट्या पायी माणसाने दिंडीतून वाकून आत यावयाचे. ही व्यवस्था शत्रूच्या भयाने केलेली होती, पादचाऱ्याच्या कळवळ्याने नव्हे. तरीसुद्धा एकाच वेशीत दोघांच्या दोन वाटा तिने आपोआप केल्या होत्या. त्या दिंड्या गेल्या. आज पैठण दरवाजाकडून गुलमंडीकडे संध्याकाळच्या वेळी जाणारा मनुष्य, भाजीची पिशवी घेतलेली गृहिणी, हातगाडीवाला, सायकलस्वार, रिक्षा, मोटारसायकल आणि आता बॅटरीवरची दुचाकी, ही सारी मंडळी एकाच पट्ट्यातून वाट काढीत असतात. यांपैकी शेवटचे वाहन मागून येत असता ऐकू येत नाही.

या वाहनाने आपली गाडी कोठून हाकावी, मोटारींच्या बाजूने की पायी व सायकलीवर जाणाऱ्यांच्या बाजूने, हा प्रश्न आज मोठ्या शहरांत वादाचा झाला आहे. तो नवा मात्र नाही. दुचाकी वाहन जन्मास आले त्याच वर्षी तो उभा राहिला.

जर्मनीतील मानहाइम नगरात कार्ल फॉन ड्रायस या सरदाराने १८१७ साली दोन चाकांचे एक लाकडी यंत्र तयार केले. त्यास पेडल नव्हते की साखळी नव्हती. त्यावर बसून पायांनी जमीन मागे रेटीत जावयाचे. गावचे रस्ते गाडीवाटांच्या चाकोऱ्यांनी खणून निघालेले, तेव्हा या नव्या स्वारांनी सरळ गुळगुळीत पदपथ धरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मानहाइमने पदपथावर हे यंत्र चालविण्यास बंदी केली. पाठोपाठ मिलान, लंडन आणि न्यूयॉर्क येथेही तसेच हुकूम निघाले, आणि १८२० साली आपल्या देशात कलकत्त्यातही निघाला. ज्या यंत्राला स्वतःची अशी शक्तीच नव्हती, त्याच्यावर चार वर्षांच्या आत पाच देशांत बंदी यावी ही मौजेची गोष्ट खरी. परंतु त्यातील मर्म साधे आहे. लोकांची तक्रार यंत्राविरुद्ध नव्हती. चालणाऱ्याच्या वाटेवर चालण्याहून अधिक वेगाची वस्तू त्याला न विचारता आली, ही ती तक्रार होती.

इंग्लंडने याच्या उलट टोक गाठून पाहिले. १८६५ च्या कायद्याने स्वयंचलित गाडीचा वेग शहरात ताशी दोन मैल व शहराबाहेर चार मैल ठरविला आणि तिच्यापुढे तांबडे निशाण घेतलेला माणूस चालविण्याची सक्ती केली. निशाणाची अट पुढे सैल झाली, आणि १८९६ साली वेगाची मर्यादाही ताशी चौदा मैलांपर्यंत वाढविण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, नवी मर्यादा अमलात येण्यापूर्वीच, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने घेतलेला हा पादचाऱ्याचा पहिला बळी समजतात. ती गाडी आजच्या मानाने रांगतच होती.

या दोन टोकांमध्ये पायगाडीने जी तडजोड काढली ती मात्र दीर्घकाळ टिकली. १८८५ साली स्टार्लीने सारख्या चाकांची साखळीची सायकल बाजारात आणली, १८८८ साली डनलॉपने हवेची धाव काढली, आणि विसाव्या शतकात हे वाहन आपल्या गावोगावी पोचले. त्याच्याबरोबर घंटी आली, दिवा आला, आणि अनेक नगरपालिकांचा पत्र्याचा बिल्ला आला. रात्री दिव्यावाचून जाणाऱ्या सायकलस्वारास पोलिसाने अडवावे, डबलसीट बसलेल्यांना उतरवावे आणि वेळप्रसंगी चाकातील हवा सोडून द्यावी, हा शिरस्ता महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या मंडळींना चांगला आठवत असेल. त्या काळी तो जाच वाटे. परंतु आपण येत आहो हे दुसऱ्यास दिसले पाहिजे आणि ऐकू आले पाहिजे, एवढाच त्या साऱ्या नियमांचा अर्थ होता. टांग्याच्या घोड्याच्या गळ्यातील घुंगरूही तेच काम करीत. ते शोभेसाठी असतात असे पुष्कळांना वाटे. वस्तुतः अरुंद बोळातून जाताना टांगेवाल्याचा तोंडाचा शिणवटा ते वाचवीत.

सायकलीला यंत्र जोडण्याची कल्पना समजतात तितकी अलीकडची नाही. ऑग्डन बोल्टन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८९५ सालच्या अखेरच्या दिवशी एका सायकलीचे पेटंट मिळविले; तिच्या मागच्या चाकाच्या तुंब्यातच विजेची मोटर बसविलेली होती. आजच्या बहुसंख्य हलक्या वीजगाड्यांची रचना हीच आहे. अडले ते बॅटरीपाशी. ती जड आणि लवकर मरणारी होती. त्यामुळे पुढली शंभर वर्षे पेट्रोलने बाजी मारली. आपल्याकडे १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली. तिला पेडलही होते आणि लहानसे इंजिनही. कारकून, शिक्षक, दूधवाले आणि नोकरी करणाऱ्या स्त्रिया यांना तिने पहिल्यांदा स्वतःचे यांत्रिक वाहन दिले. १९८५ साली बजाज कंपनीचा कारखाना वाळूज येथे सुरू झाला, आणि सायकलींचे हे शहर पाहता पाहता मोटारसायकलींचे झाले. तीच लूना २०२४ साली बॅटरीवर चालणारी होऊन पुन्हा बाजारात आली आहे.

येथेच कायद्याची एक अडचण उभी राहते, आणि ती नीट समजून घेतल्यावाचून आजच्या प्रश्नाचा उलगडा होत नाही. आपल्या देशात मोटारींचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली आणि आजचा १९८८ साली. या शेवटच्या कायद्याने चारांहून कमी चाकांच्या ज्या गाडीचे इंजिन पंचवीस सी.सी.पेक्षा मोठे नाही, तिला मोटार वाहनांतून वगळले. इंजिनाच्या नळकांड्याचे माप घेऊन वाहनाचे सामर्थ्य ठरविणे पेट्रोलच्या गाडीस ठीकच होते. विजेच्या मोटरीला सी.सी. नसते. मग तिला मापावयाचे कशाने? केंद्रीय मोटार वाहन नियमांनी त्यासाठी नवी रेघ आखली: मोटरीची शक्ती पाव किलोवॅटहून, म्हणजे २५० वॅटहून कमी, आणि वेग ताशी २५ किलोमीटरांहून कमी. पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या अधिकृत संस्थेने तपासून या दोन्ही गोष्टी प्रमाणित केल्या, तर ते वाहन मोटार वाहन समजावयाचे नाही. पेडल मारून चालणाऱ्या वीज-सायकलीस आणखी अट अशी की, वेग पंचवीसवर येताच अथवा स्वाराने पेडल थांबविताच मोटरीने हात आखडता घ्यावा. तिला चांगले ब्रेक असावेत, आणि पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक असावा.

रेघेच्या अलीकडील गाडीस नोंदणी नको, परवाना नको, विमा नको, आणि कायद्याने हेल्मेटही नको. चालविणाऱ्याच्या वयाचीही अट उरत नाही. म्हणूनच शिकवणीस जाणारी आठवी-नववीची मुले आणि परवान्याची कटकट नको असलेले आजोबा यांना ही गाडी सारखीच सोयीची वाटते. ती सोय खोटी नाही. ज्या घरात एकच मोटारसायकल आणि ती कामावर जाणाऱ्याकडे, त्या घरातील स्त्रीला बाजार, दवाखाना आणि मुलांची शाळा या गाडीने जवळ आणून दिली आहे. तिला रस्त्यावरून हाकलून द्या असे म्हणणाऱ्याने मानहाइमच्या नगरपित्यांचे स्मरण करावे.

परंतु रेघ पाळली जाते काय? दुकानात पंचवीसच्या वेगाने प्रमाणित झालेली गाडी गल्लीतल्या कारागिराकडे नेऊन वेगाचे बंधन काढता येते, अथवा मोठी मोटर बसविता येते. हा प्रकार इतका बोकाळला की २०२२ साली राज्याच्या परिवहन आयुक्तांना अशा गाड्यांविरुद्ध आणि त्या विकणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. ताशी २५ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सात मीटर जाते. ४५ च्या वेगाची साडेबारा मीटर. चालणारा मनुष्य तेवढ्या वेळात दीड मीटरही पुढे सरकत नाही. शिवाय आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २५ ऐवजी ४५ च्या वेगाने झालेला धक्का पावणेदोन पट नव्हे, तर सव्वातीन पट बसतो. सायकलीसाठी केलेले ब्रेक आणि बारीक धावा त्यासाठी घडविलेल्याच नसतात.

या फेरफाराचा दुसरा परिणाम फारसा कोणी ध्यानात घेत नाही, आणि तो अधिक कठोर आहे. वेग वाढविलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते. परंतु तिची नोंदणी झालेली नसते आणि तिसऱ्या पक्षाचा विमाही उतरविलेला नसतो. मोटारीने अथवा मोटारसायकलीने एखाद्यास पाडले तर अपघात न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीस उभे करता येते. येथे उभे करावयास कोणीच नसते. मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धाने भरपाई मागावयाची ती त्याच गल्लीतील एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाच्या बापाकडे, आणि बहुधा तो बापही महिन्याच्या पगारावर जगणारा असतो. एकाच अपघातात अशी दोन घरे बसतात. भारतात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. गाड्यांच्या खरेदीच्या वेळी हा आकडा कोणी दाखवीत नाही.

चीनने हा अनुभव आपल्या आधी घेतला. तेथे १९९९ साली वीज-सायकलीस ताशी २० किलोमीटर आणि चाळीस किलो अशी मर्यादा घातली होती. कारखानदारांनी कागदावर ती पाळली आणि बाजारात मोडली. वेगवान व जड गाड्या सायकलींच्या मार्गात शिरल्या. अखेर २०१८ साली नवे मानक आले. त्याने वेग २५ पर्यंत आणि वजन ५५ किलोंपर्यंत नेले, पण गाडीत नंतर फेरफार करता येऊ नये अशी रचना कारखान्यातच करण्याचे बंधन घातले. स्वारास दंड करण्यापेक्षा गाडी घडतानाच कुलूप घालावे, हा त्यातील शहाणपणा आपल्याकडे घेण्याजोगा आहे. संभाजीनगरास तर तो विशेषच लागू पडतो. कारण २०२४ साली एथर कंपनीने आपला विजेच्या दुचाकींचा नवा कारखाना बिडकीनच्या औद्योगिक नगरात उभारण्याचे जाहीर केले. ज्या शहराच्या शिवारात ही वाहने घडावयाची, त्या शहराच्या बोळांत ती कशी वागतात हेही तेथील अभियंत्यांनी पाहावयास हरकत नाही.

राहिला आवाज. युरोपातील देशांनी जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या वीज-मोटारींना मंद वेगात कृत्रिम आवाज करण्याची सक्ती केली. आंधळ्यांच्या संस्थांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. दुचाकी मात्र त्या नियमातून सुटल्या. आपल्याकडे हॉर्नच्या कलकलाटाने कान किटले असता शांत वाहनाविरुद्ध कुरकूर करणे कृतघ्नपणाचे वाटेल; आणि खरोखर, मुक्या गाडीला भोंगा लावणे हा उपाय नव्हेच. भोंगा समोरच्याला बाजूला हो म्हणून दटावतो. घुंगरू आणि घंटी नुसती वर्दी देत.

वाटेचा प्रश्न याहून अवघड आहे. पदपथावर अथवा सायकलींसाठी राखलेल्या पट्ट्यावर मोटार वाहन नेऊ नये, हे १९८९ च्या वाहतूक नियमांत होते आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमावलीतही आहे. रेघेच्या अलीकडील वीजगाडी मोटार वाहन नसल्यामुळे ते कलम तिला लागत नाही. आणि जालना रस्त्यावरील ट्रकांच्या व बसगाड्यांच्या रांगेत पंचवीसच्या वेगाने जाणे तिलाही जिवावरचे असते. म्हणजे एका बाजूस ती चालणाऱ्याला भारी, दुसऱ्या बाजूस मोटारीपुढे दुबळी. तिची खरी जागा सायकलींच्या पट्ट्यात, आणि असा अखंड पट्टा आपल्या शहरांत क्वचितच आढळतो. असला तर त्यावर मोटारसायकली उभ्या असतात. केंद्र सरकारच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ या स्पर्धेत हे शहर देशातील निवडक शहरांत गणले गेले, ही आनंदाची गोष्ट आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत ई-बाईक टॅक्सीलाही मान्यता दिली. भाड्याने धावणारे वाहन घरच्या वाहनाहून दिवसाकाठी कितीतरी अधिक फिरते. तेव्हा पट्टे आधी आखावेत आणि गाड्या मागून याव्यात, हा क्रम सुचविणे गैर होणार नाही.

तोपर्यंत घरच्या मंडळींच्या हाती काही गोष्टी आहेतच. गाडी घेताना तिचे प्रमाणपत्र मागून पाहावे. कायदा मागत नसला तरी मुलाच्या डोक्यावर हेल्मेट घालावे. २०१६ साली पोलिसांनी मोटारसायकलस्वारांवर हेल्मेटची सक्ती केली तेव्हा याच शहराने थोडी कुरकूर करून ती अंगवळणी पाडून घेतली होती. गर्दीच्या बाजारात, विशेषतः जुन्या दरवाजाच्या कमानीखालून जाताना, वेग चालणाऱ्याच्या चालीवर आणावा, आणि तेही जमत नसेल तर उतरून गाडी हातात धरून न्यावी. आणि हँडलला एक साधी घंटी बसवून घ्यावी. सायकलीच्या दुकानात ती अजून मिळते.