वेळ, पुळण आणि एक रेषा

आमचे नांदगाव सिंधुदुर्गातले असले तरी समुद्रकाठचे नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या नांदगाव तिठ्यावरून देवगडचा रस्ता फुटतो आणि समुद्र त्या रस्त्याच्या टोकाला. समुद्रालगतची ती खलाटी, सह्याद्रीच्या पायथ्याची ती वलाटी, ही कोकणपट्टीची जुनी विभागणी. आम्ही या दोहोंच्या मधले. आमच्याकडे समुद्राला एकच नाव, दर्या. मालवण-देवगडकडचे आप्त मात्र कधी पुळणीवर जात, कधी खडपात, कधी खाजणात. हे शब्द मी पुढे शब्दकोशांतून, गावांच्या नावांतून आणि सरकारी कागदांतून गोळा करू लागलो, तेव्हा त्यांच्यामागे किनाऱ्याकडे पाहण्याची एक निराळीच रीत दिसू लागली.

सुरुवात ‘किनारा’ याच शब्दापासून करू. हा शब्द फारसी. ‘दर्या’ आणि ‘बंदर’ हेही फारसीच. ‘जंजिरा’ अरबी; मूळ अर्थ नुसते बेट. मराठीत तो पाण्यातल्या किल्ल्याला चिकटला. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि त्या बेटाचा जंजिरा झाला. राज्यकर्ते, व्यापारी आणि आरमार यांना लागणारे शब्द असे दूरदेशाहून आले. जहाजावरून पाहणाऱ्याला जमीन जिथे सुरू होते ती कड हवी असते आणि ‘किनारा’ म्हणजे कडच.

जमिनीवरून पाहणाऱ्याचे शब्द वेगळे. ‘पुळण’ संस्कृत ‘पुलिन’वरून आलेला. वाळूचा उघडा पट्टा, जिथे होडी ओढून ठेवता येते, जाळे पसरता येते. गणपतीपुळ्याच्या नावात हाच शब्द आहे असे मानतात. ‘खडप’ म्हणजे भरतीत बुडणारा आणि ओहोटीत उघडा पडणारा खडक. तिथे बायका कोयती घेऊन कालवे काढायला जातात. ‘दांडा’ किंवा ‘दांडी’ म्हणजे वाळूची लांब पट्टी. मालवणात दांडी आहे, अलिबागकडे रेवदंडा आहे. ‘खाजण’ म्हणजे खाडीकाठची खाऱ्या पाण्याखाली येणारी सखल जमीन. ती बांध घालून लागवडीला आणली की तिला ‘खार’ म्हणतात. मुंबईत खार रोड स्थानकावर उतरून खारदांड्याला जाणारा प्रवासी असे दोन शब्द ओलांडत असतो. समुद्रातले ते बेट, पण खाडीतल्या बेटाला ‘जुवा’. मालवण तालुक्यात जुवा-पाणखोल आहे, गोव्यात जुवें आहे.

या यादीतला प्रत्येक शब्द तिथे काय करता येते हे सांगतो. ओढता येते, वेचता येते, पेरता येते, राहता येते. वर्णन आणि वहिवाट त्यात एकत्र आहेत.

याहून महत्त्वाचा शब्द ‘वेळ’. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे मर्यादा, समुद्रतीर, भरती आणि काळ. मराठीने त्यातला काळ ठेवला, तीर सोडून दिले. कोकणीत मात्र ‘वेळ’ आजही समुद्रतीराला म्हणतात आणि शिरोड्याच्या वेळागरात तोच शब्द टिकून राहिलेला दिसतो. इंग्रजीतही असाच प्रवास झाला. ‘टाइड’चा जुना अर्थ काळ, समय असा होता, भरती-ओहोटी हा अर्थ त्याला नंतर आला. दोन दूरच्या भाषांना काळ आणि पाणी एकाच शब्दात धरावेसे वाटले. समुद्रकाठी जागा कोणती हे सांगायचे तर किती वाजता हेही सांगावे लागते.

म्हणून किनाऱ्याच्या शब्दांतच तिथीचा हिशोब येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’, अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला ‘भांग’, पाणी ओसरते ती ‘सुकती’. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला ढोबळ आडाखा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. पुढे दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 पासून निघू लागला. या कोशकारांनी उधाण आणि भांग, पुळण आणि खाजण यांना मराठीचेच शब्द म्हणून जागा दिली.

कायद्याची भाषा वेगळ्या वाटेने आली. 19 फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने किनारपट्टी नियमन क्षेत्र ठरले आणि ‘उच्चतम भरती रेषा’ हा शब्द गावात पोचला. तिची व्याख्या काय, तर उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर चढते ती रेषा. म्हणजे कोळ्याच्या भाषेतली उधाणाची कड. या रेषेपासून 500 मीटर मोजले जाऊ लागले. 2019 च्या अधिसूचनेने ग्रामीण भागात दाट वस्तीसाठी बांधकामबंदीचा पट्टा 50 मीटरांचा केला, विरळ वस्तीसाठी 200 मीटर ठेवला. घर दुरुस्त होणार की नाही, हे त्या रेषेवर ठरते.

आता देवबाग पाहा. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूच्या अरुंद पट्टीवर गाव. त्याला ‘दांडा’ म्हटले की दोन्हीकडून पाणी आणि सरकती वाळू हे ओघानेच कळते. नकाशावर त्याच जागी दोन रेषा उमटतात आणि त्यांच्यामधल्या माणसांना बसायला जागा उरत नाही.

रेषेचे मोजमापही ठाम नसते. महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटर, असे आपण शाळेत शिकलो. अलीकडच्या फेरमोजणीत तो सुमारे 878 किलोमीटर भरला. जमीन वाढलेली नाही. नकाशाचे प्रमाण बारीक झाले आणि खाड्यांची वळणे मोजणीत आली.

रेषेवाचून प्रशासन चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण रेषेला रुंदी नसते, पुळणीला असते. रापणीची जाळी ओढायला आणि सुकवायला जी पुळण पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, ती नकाशावर नुसती ‘वाळू’ म्हणून आली की मोकळी दिसते आणि मोकळ्या जागेला गिऱ्हाईक लवकर मिळते. मालवणचा किनारा अतिसंवेदनशील म्हणून नोंदवणाऱ्या 2011 च्या अधिसूचनेत एक तरतूद होती. मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा गावपातळीच्या नकाशावर दाखवाव्यात, अशी. त्या जागांना नावे आहेत. नकाशा सुनावणीला येईल तेव्हा गावाने हरकतीच्या अर्जात ‘समुद्रकिनारा’ एवढेच लिहू नये. अमुक रापणीची पुळण, अमुक कालवांचे खडप, अमुक खाजण, असे नावानिशी लिहावे. कोशात शब्द राहिला तर त्याचा अर्थ वाचतो. नकाशावर राहिला तर जागाही वाचण्याची शक्यता आहे.